चाखून घेतलेली डाळ

अमरावतीच्या बाहेर, बायपासला लागायच्या आधी, स्वस्तातलं एक मोठं दुकान आहे. त्याच्यावर बारा महिने सेलचा फलक असतो, त्यामुळे सेल नक्की कधी नसतो हे कुणालाच ठाऊक नाही. मेच्या दुपारी तिथे येणारे निम्मे लोक सामानासाठी येत नाहीत, थंड हवेसाठी येतात, असं माझं मत आहे. मीही त्यांतलीच. काचेचं दार सरकलं की अंगावरचं ऊन बाहेरच राहतं. डोळ्यांपुढे थोडा वेळ हिरवट अंधारी येते आणि मग साबण, बिस्किटं, मसाले असे एकेक वास हळूहळू जागे होतात. आत घड्याळ नाही, खिडकी नाही. सगळे संथ चालतात. आमच्या कॉलनीतल्या भांडकुदळ बायकासुद्धा तिथे हलक्या आवाजात बोलतात.

त्या रविवारी मी बाबांना सोबत नेलं. थंड हवा हे निमित्त होतं. खरं कारण वेगळं होतं: बाबांची तुरीची डाळ संपत आली होती.

आमच्याकडे बाप लेकीच्या घरचं खात नाही. म्हणजे जुने लोक खात नाहीत. पाणीसुद्धा जपून पितात. आई गेल्यावर बाबांनी दर्यापूरकडचं शेत पुतण्याला मक्त्याने कसायला दिलं आणि चार दिवस म्हणून माझ्याकडे आले, ते खांद्यावर डाळीची चुंगडी, म्हणजे पोतं, घेऊनच. आपल्या शेतातली तूर, घरी भरडलेली. ती माझ्या कुकरात शिजायची आणि बाबा समाधानाने जेवायचे. पोळी-भाजीचं त्यांनी मनाला कसं समजावलं होतं देव जाणे, पण वरण आपलं असलं की जेवण आपलं, असा त्यांचा हिशेब होता. "मामाजी, गॅस तर आमचाच हाये," असं माझा नवरा एकदा गमतीने म्हणाला. बाबा हसले नाहीत. तेव्हापासून तो विनोद आमच्या घरात बंद झाला.

"दाळ सरली का मी जातो गावाले," असं ते अधूनमधून सांगत. गावच्या घरात आता कुणीच नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर एकटे बसलेले बाबा मला इथे पोळ्या लाटता लाटता दिसायचे. त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटत होतं. पण आमच्या घरात असं तोंडाने बोलायची रीत नाही, म्हणून मी त्यांना दुकानात घेऊन गेले.

दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांच्या कापडी पिशवीचं तोंड प्लास्टिकच्या पट्टीने आवळून टाकलं.

"काहून बांधून राहिला बापू? काईच नाई त्याच्यात," बाबा म्हणाले.

"म्हनूनच बांधतो, काका."

बाबांना हे उत्तर पटलेलं दिसलं. त्यांनी ट्रॉली हातात घेतली आणि शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, जाताना दोन्हीकडचं पीक बघत जायचे तसे ते त्या रांगांमधून निघाले. मलाही माझी तंद्री लागली. त्या दुकानात माझं असंच होतं. चहाचा पुडा शोधायला जावं आणि रंगीत बादल्यांसमोर उभं राहून भलतंच काहीतरी आठवत बसावं. लहानपणी आईसोबत अकोल्याच्या बाजारात गेले होते, तिथला ओल्या पोत्यांचा वास आठवत होता. भानावर आले तेव्हा बाबा कुठे दिसेनात.

ते सुट्या डाळींपाशी सापडले. पेटीचं झाकण उघडून चिमूटभर डाळ त्यांनी तोंडात टाकली होती आणि दाताखाली फोडत होते. आमच्या बाजारात धान्य असंच घेतात, वास घेऊन, तळहातावर घासून, दाताने फोडून. पण इथे वर कॅमेरा होता आणि पेटीवर पाटी होती, हात लावू नये. गणवेशातली एक मुलगी लगबगीने आली.

"काका, खाऊ नका ना. साहेब बोलतीन मले."

"खाऊन नाई राहिलो माय, पाहून राहिलो. दाळ दातानंच पाहा लागते."

मुलीने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे पाठ करून ती बाबांना आडोसा करत उभी राहिली. "मंग लवकर पाहा," ती म्हणाली.

पहिल्या डाळीला तेल लावलं होतं. दुसरी पॉलिशची. तिसरी बाबांनी नुसती हुंगली आणि झाकण लावून टाकलं. "जुनी हाये." दर झाकणाबरोबर माझा जीव खाली खाली जात होता. यातली एकही पसंत पडली नाही तर दोन दिवसांत ते बस धरतील, हे मला दिसत होतं. एवढं थंड दुकान, पण मला घाम फुटला.

कोपऱ्यात एक बिनपॉलिशची होती, मळकट, लहान दाण्याची. बाबांनी ती तोंडात टाकली आणि डोळे मिटले. ते बराच वेळ चावत राहिले. कुठेतरी ट्रॉलीत बसलेलं एक पोर स्वतःशीच गुणगुणत होतं, वरचे दिवे बारीक घुमत होते, आणि मला वाटलं की आता ही दुपार इथेच थांबणार.

"काळ्या जमिनीतली हाये," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

दाताला जमीन कळते का? मला नाही वाटत. त्यांनी एक पिशवी भरली, गाठ मारली. मग दुसरी भरली. मुलगी आणखी पिशव्या घेऊन आली आणि बाबा भरतच राहिले. चहा, साबण सगळं बाजूला सरकवून ट्रॉलीत डाळच डाळ झाली.

"दाळीचे पैसे मी देईन. बाकीचं तुहं तू पाह्य," ते म्हणाले.

"द्या. पन बाबा, एवढी?"

"वर्षाची नाई भरा लागत?"

मला उत्तर कळलं होतं. तरी मी विचारलंच, कारण मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. "तुमी तर गावाले जातो म्हनत होते ना?"

बाबांनी ट्रॉली बिलाच्या रांगेकडे वळवली.

"आता कसा जाऊ? माही सारी दाळ तुह्या घरी राहीन, अन् मी तिकडं काय खाऊ?"