नाटकाचं पहिलं पान

गावात त्याला सगळे डिंकोबा म्हणत. हाताला डिंक इतका मुरलेला की हात मिळवणाऱ्याला आपला हात सोडवून घ्यावा लागे. वाचनालयाची पुस्तकं बांधता बांधता तीस वर्षं झाली, पण पठ्ठ्यानं वाचलं एकच: एक विनोदी नाटक. वडिलांनी त्यात वेंधळ्या डॉक्टरचं काम केलं होतं. आता बहुधा ही एकच प्रत उरली होती, आणि पान उलटलं की मोडत होतं.

“बाई, याची यंत्रावर प्रत काढून ठेवा,” तो ग्रंथपाल बाईंना म्हणाला. “आता शिवायला सुई घातली तर हातात नुसता भुगा येईल.”

“काढते की. लेखकाची नाहीतर वारसांची परवानगी आणा.”

“लेखक कोण?”

“तेच तर! पहिलं पान कुठंय?”

डिंकोबानं हात पाठीमागे लपवले. पहिलं पान आधी सडतं, म्हणून ते फाडून जाड कोरा कागद चिकटवायचा, ही त्याचीच पद्धत. लेखक, प्रकाशक, साल, सगळं त्यानं स्वतःच्या हातानं केरात घातलं होतं. वर शाबासकीही घेतली होती.

“लेखक गेला असेल हो एव्हाना.”

“कधी?”

“मला काय सांगून गेला?”

“जाऊन ठरावीक वर्षं झाली असतील तर पुस्तक सगळ्यांचं. नाहीतर वारसांचं.”

“आणि वारस सापडलेच नाहीत तर?”

“तरी वारसांचंच.”

डिंकोबानं मान डोलावली, मग हलवली, मग नुसतीच खाजवली. न सापडणाऱ्या माणसांनी हो म्हणेपर्यंत हे पुस्तक काही टिकत नव्हतं.

“बरं, वाचायला परवानगी लागते?”

“छे! बसा की.”

“मोठ्यानं?”

बाईंनी नियमांची फाईल काढली. तोवर डिंकोबा सुरूही झाला होता. पेपर वाचणाऱ्यांनी पेपर खाली ठेवले. नाटकातला डॉक्टर रोग्याला सोडून खुर्चीची नाडी बघायला लागला, तसे खिडकीपाशी बसलेले आजोबा फस्सकन हसले.

डिंकोबानं पान उलटलं. निम्मं तुटून खाली गेलं.

“थांबू का, बाई?”

“थांबा. म्हणजे... नाही, नाडी लागते का खुर्चीची?”

त्याचं उत्तर त्या तुटलेल्या तुकड्यावरच होतं. डिंकोबा टेबलाखाली वाकला.