ताईच्या डावीकडे काय होतं

ज्या दुपारी रेहानाचे फोटो काढले गेले, त्या दुपारी मी ऑफिसात नव्हते. नागपूरला विद्यापीठात एका चर्चासत्रात होते. त्यामुळे त्या दुपारचं मी जे सांगते ते सगळं ऐकीव आहे, आणि ऐकीव गोष्टीवर किती विसंबावं याचं रीतसर शिक्षण मला मिळालेलं आहे. अडचण एवढीच, की चौघांच्या ऑफिसात किस्से ठेवायला वेगळी जागा नसते. जुन्या चार्जरांसारखे ते एकाच खणात साठत जातात, आणि एक ओढला की त्याच्यात गुंतलेले बाकीचेही बाहेर येतात.

ऑफिस चंद्रपुरात, तुकूममध्ये, एका मेडिकल दुकानाच्या वर. गडचिरोलीतल्या गावांमधल्या आरोग्यसेविकांसाठी आम्ही मोबाईलवर शिकायचे कोर्स बनवतो. पडद्यावर एक ताई येते, समजावून सांगते, प्रश्न विचारते, उत्तर बरोबर की चूक ते सांगते. ताईची वाक्यं मी लिहिते. प्रफुल सॉफ्टवेअरमध्ये चित्रं, आवाज आणि बटनं जोडतो. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातल्या नोकरीतून निवृत्त झालेले दिनकरभाऊ आमचे मालक. ते कामं आणतात. आणि तयार कोर्स तपासायची रेहाना. प्रत्येक बटन दाबून कुठे काय मोडतं ते शोधायचं, हे तिचं काम.

*

रेहाना पहिल्या दिवसापासून चुकीचंच उत्तर दाबायची.

चार पर्यायांतला सरळसरळ बरोबर दिसणारा सोडून ती उरलेले तीन एकेक करून दाबत असे. मी दोन दिवस पाहिलं आणि शेवटी विचारलं, की प्रश्न नीट कळत नाहीत का.

"कळते न मॅडम. पण बरोबर उत्तर तं कोणीबी देते. चुकल्यावर तुमी कशा बोलता ते पाहून राह्यली."

चुकल्यावर मी काय बोलत होते? "चूक. पुन्हा प्रयत्न करा." प्रत्येक कोर्समध्ये, प्रत्येक प्रश्नाला तेच.

"हे वाचलं न, तं मी मोबाईल ठेवून देईन आन भाजी चिरायले बशीन," ती म्हणाली.

चुकीच्या उत्तरांची वाक्यं मी नव्याने लिहिली. सगळ्या कोर्सांची. मी असं कोणाच्या सांगण्यावरून सहसा करत नाही.

*

आता ती दुपार.

सॉफ्टवेअरबरोबर तयार माणसांची चित्रं मिळतात. कोट घातलेले पुरुष, हातात फाइल घेतलेली सोनेरी केसांची बाई. दिनकरभाऊंनी त्या बाईकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही भामरागडात गेली तं लोक इलेच सलाईन लावतीन."

म्हणून आपली ताई आपणच बनवायची असं ठरलं. भाऊंनी घरून हिरवी चादर आणली. मागे हिरवा रंग असला, की सॉफ्टवेअरला सांगायचं, हिरवं दिसेल तेवढं पुसून टाक. माणूस तेवढा शिल्लक राहतो. रेहाना त्या दिवशी हिरवा कुर्ता घालून आली होती. प्रफुलने फोटो काढले, हिरवं पुसलं, आणि पडद्यावर रेहानाचं डोकं आणि दोन हात उरले.

"झालं," रेहाना म्हणाली, "इतका पगार देता न, तं इतकीच येईन."

मग भाऊंच्या घरून वहिनींची मरून साडी आली आणि फोटो पुन्हा निघाले. बोट दाखवणारी ताई, विचारात पडलेली ताई, शाबासकी देणारी ताई, ऐकणारी ताई. चादर मात्र एका माणसाच्या पलंगाची होती. गुडघ्यांपर्यंतच पुरली. आमच्या ताईला पाय नाहीत, ते त्यामुळे.

*

पायांचा प्रश्न एटापल्लीच्या पुढच्या एका गावात उपस्थित झाला. नवा कोर्स सेविकांना दाखवायला मी आणि रेहाना गेलो होतो. एका अंगणात दहाबारा बाया मोबाईल धरून बसल्या होत्या. मध्येच एकीने पडदा खालून वर, वरून खाली सरकवून पाहिला आणि शेजारणीला गोंडीत काहीतरी म्हणाली. शेजारणीने मोबाईल जमिनीवर ठेवून दिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हिले पाय काऊन नाईत?"

तांत्रिक कारण कसं सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात रेहाना उठली, मोबाईलमधल्या ताईशेजारी तिने आपला चेहरा धरला, मग सलवार बोटभर वर करून उभी राहिली. "मीच ते. हे पाहा, दोन आहेत."

मोबाईल ठेवून दिलेल्या बाईने वाकून नीट पाहिलं. "सरळ आहेत," तिने बाकीच्यांना कळवलं, आणि कोर्स पुढे सुरू झाला.

परत येताना जीपमध्ये रेहाना बराच वेळ हसत होती. मीही हसले असावे, कारण ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पुन्हा पुन्हा पाहिलं.

*

जागा वाचवायला प्रफुल तीच चित्रं उलटी करून पुन्हा वापरायचा, आरशात दिसतात तशी. रेहानाने तपासताना त्याला हाक मारली.

"प्रफुल, माह्या नाकातली चमकी एका स्लाइडले इकडं, एका स्लाइडले तिकडं. दोन नाक टोचले का मी?"

तेव्हापासून नियम झाला: ताई उलटी करायची नाही. ऐकणारी ताई पडद्याच्या डावीकडे पाहते, म्हणून तिच्याशी बोलणारा रुग्ण नेहमी डावीकडेच ठेवायचा.

ऐकणारी ताई हे आमचं सगळ्यात चांगलं चित्र आहे. बाकीच्या फोटोंत रेहाना कॅमेऱ्यासाठी उभी आहे. या एकात ती कॅमेरा विसरली आहे. डावीकडे काहीतरी आहे, आणि ते जाऊ नये असं तिला वाटतं आहे. एवढंच मला त्या चेहऱ्यावर वाचता येतं, आणि याला पुरावा नाही.

डावीकडे काय होतं, हे मी तिघांनाही विचारलं.

दिनकरभाऊ म्हणाले, "चहावाला आला असंन."

प्रफुल म्हणाला, "तिकडं तुमचा टेबल आहे मॅडम. त्या दिवशी खाली होता, तुमी नागपूरले होत्या न."

रेहाना म्हणाली, "तुमीच सांगा."

मी खोली तपासली. कॅमेऱ्याच्या डावीकडे दार येतं, माझा टेबल येतो आणि भिंतीवरचं बंद घड्याळ येतं. एवढ्यावरून निष्कर्ष निघत नाही.

*

रेहानाला हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. काम तेच, कोर्स तपासायचे; पगार आम्ही कधीच देऊ शकलो नसतो असा. वहिनींनी ती मरून साडी तिला देऊन टाकली. तिच्या अब्बांचं बल्लारपुरात टेलरिंगचं दुकान आहे. गाडी तिथूनच होती, म्हणून आम्ही सगळे स्टेशनवर गेलो.

गाडी लागल्यावर ती बॅग खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"काय गं?"

"चुकल्यावर कशा बोलता ते पाह्यलं. जातानी कशा बोलता तेबी पाहून राह्यली."

मी म्हणाले, "पोहोचलीस की कळव."

"हे तं सगळेच म्हणतात," ती म्हणाली आणि डब्यात चढली.

पोहोचल्यावर तिने कळवलं.

हिरवी चादरही त्याच सुमारास दिसेनाशी झाली. भाऊंच्या मते ती घरी धुवायला गेली होती. वहिनींच्या मते ती घरी परत आलीच नव्हती.

*

माणूस गेलं तरी आमच्या धंद्यात त्याची चित्रं कामावर राहतात. मी रोज सकाळी रेहानाच्या तोंडी वाक्यं घालते. ती बोट दाखवते, विचारात पडते, शाबासकी देते. मी लिहिलेलं कसं वाटलं, ते मात्र सांगत नाही. नव्याने आलेली मुलगी हुशार आहे. ती पहिल्या झटक्यात बरोबर उत्तर दाबते.

मग यंदा बाळंतिणीच्या घरभेटीचा कोर्स आला. ते काम देणाऱ्या गडचिरोलीच्या डॉक्टरबाई मसुदा पाहून म्हणाल्या, "तुमची ताई सगळीकडे उभीच का? आमच्या बाया घरात गेल्या की खाली बसतात. बाळंतिणीशी उभ्याने कोण बोलतं?"

बसलेली ताई आमच्याकडे नव्हती. त्यांनी पुढे हेही सांगितलं, की चेहरा सगळ्या कोर्सांत एकच हवा. म्हणजे रेहाना बसली नाही, तर दुसरी कोणी बसवायची आणि जुन्या सगळ्या कोर्सांतून रेहाना काढायची.

मी तिला फोन केला.

"येते न मॅडम. ईदले घरी येणारच आहो. एक दिवस तुमच्याकडं."

कॅमेरा चार्ज करून ठेवला. नवी चादर आणली, या खेपेस डबलबेडची. ईदच्या आदल्या दिवशी निरोप आला: "सुट्टी नाई भेटली."

भाऊंनी आठवडाभर वाट पाहिली, मग त्यांच्या ओळखीतली एक मुलगी ठरवली. "बाई, मलेबी बरं वाटून नाई राह्यलं," ते मला म्हणाले. "पण सोमवारी तिले बोलावलं आहे." प्रफुलने जुन्या कोर्सांच्या फाइली उघडून ठेवल्या. काही पुसलं नाही, फक्त उघडून ठेवल्या.

*

सोमवारी सकाळी माझ्या मोबाईलवर फोटो येऊन पडले होते.

रेहाना जमिनीवर बसली आहे. मरून साडी. मांडी घालून, एक पाय दुमडून, बाळाकडे वाकावं तशी वाकून. आम्ही सांगितली होती ती प्रत्येक बैठक. मागे आमची हिरवी चादर. कोपऱ्यातला इस्त्रीचा डाग मी ओळखला. चादरीच्या खालच्या काठाला दुसऱ्याच हिरव्या कापडाचा लांब पट्टा शिवलेला आहे, तो जमिनीवर पसरला आहे, आणि त्याच्यावर ताईचे दोन्ही पाय.

"चादर नेली का पोरीनं," दिनकरभाऊ म्हणाले. ते जवळून पाहत राहिले, मग चष्मा काढून पुसला. "शिलाई चांगली आहे." आणि ठरवलेल्या मुलीला येऊ नको म्हणून फोन करायला गॅलरीत गेले.

शेवटचा फोटो आम्ही मागितलेला नव्हता. त्यात रेहाना गुडघ्यावर हात ठेवून बसली आहे आणि कॅमेऱ्याकडे पाहत नाही. पडद्याच्या डावीकडे पाहते आहे. चेहरा तोच, त्या दुपारचा.

ती खोली हैदराबादची. तिथे आमचं दार नाही, घड्याळ नाही, टेबल नाही.

मी तिला लिहिलं, "डावीकडे काय आहे?"

उत्तर आलं, "तेच. जे तवा होतं."

मी थोडा विचार केला आणि लिहिलं, "चहावाला?"

हे उत्तर चुकीचं आहे, हे मला माहीत होतं.

तिचं उत्तर लगेच आलं. "चूक. पुन्हा प्रयत्न करा."

दुसरं उत्तर मी अजून पाठवलेलं नाही.