समुद्राकडची खोली

मार्चमधल्या एका दुपारी तोंडवलीतल्या आमच्या घरापुढच्या खळ्यासमोर रिक्षा थांबली आणि पाठीवर सॅक घेतलेलं एक परदेशी जोडपं उतरलं. बाईने फोन पुढे केला. त्यात आमच्या घराचा फोटो, खाली 'समुद्राकडची खोली, तीन रात्री' असं बुकिंग. पैसे भरून झालेले. मी आजवर कुणाला खोली दिलेली नाही. नवरा बोटीवर, घरात मी आणि अकरावीतली लेक. परकं माणूस ठेवायची माझी छातीच होत नाही.

"आये, ही माझी खोली आसा," लेक म्हणाली. फोटोत तिची चादर, भिंतीवरचं तिचं कबड्डीचं पदक, उशीवर पालथं ठेवलेलं पुस्तक. फोटो काढणारा तिच्या खाटेच्या पायथ्याशी उभा होता.

ते दोघे रडकुंडीला आले होते. आधीच्या गावातही असंच फसून ढेकणांच्या गादीवर झोपले होते म्हणे. हाकलणार कुठे? लेकीला माझ्याजवळ घेतलं आणि खोली त्यांना दिली. बांगड्याचं तिखलं खाताना नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी बिचारे हसत होते. मी मात्र पुन्हा पुन्हा तो फोटोच बघत होते.

शेवटी लेकीनेच फोटो मोठा करून पाहिला. उघड्या दारातून बाहेरच्या खोलीतली माटवी दिसत होती, गणपतीच्या वर बांधतो ती, नारळ आणि काकडीसारखी तवशी लटकवलेली. म्हणजे फोटो चतुर्थीतला. भजनाला आलेली सगळी माणसं हात धुवायला याच खोलीतून मागीलदारी गेली होती.

"चतुर्थीक इल्ल्या माणसाक तू कोण म्हणान कोण इचारता गो?" शेजारीण म्हणाली. खरंच, कोण विचारतं? उलट कुणी तसाच निघाला तर आपणच हाताला धरून बसवतो. स्वतःचाच राग आला, आणि खोटं कशाला बोलू, जरा हायसंही वाटलं. गर्दीतला कुणीतरी लांबचा असणार.

पाहुणे गेले. आम्ही बुकिंगवाल्यांकडे तक्रार केली, जाहिरात हटवली गेली. एप्रिलमध्ये लेकीने आपल्या खोलीच्या खिडकीला नवा निळा पडदा शिवला.

जूनमध्ये त्या परदेशी बाईचा मेसेज आला, तुमचं घर पुन्हा दिसतंय, सांभाळा. जाहिरात वेगळ्या नावाने होती. फोटोत माटवी नव्हती. खिडकीला निळा पडदा होता.

पडदा लागल्यापासून त्या खोलीत गेलेली बाहेरची माणसं चार. चौघांनाही मी माझ्या हाताने चहा दिलाय. चौघंही लेकीला लाडाने 'बाय' म्हणून हाक मारतात.

काल त्यातला एक खळ्यातून ओरडला, "आसास काय गो घरात?"

मी आतून कडी घातली आणि लेकीच्या तोंडावर हात ठेवला.