दीड वाजताचं सर्वेक्षण

९ जूनची गोष्ट. नवे साहेब सोमवारी रुजू होणार, म्हणून जुन्या साहेबांचं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांची एक सवय तुम्हालाही विचित्र वाटली असती. कोणीही आत आलं की ते उठायचे, स्वतःची खुर्ची पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "बसा. मग बोलू." आमचा शिपाई मला विचारायचा, "साहेबले खुर्ची टोचस का वं ताई?" मीही हसायचे.

डोंगरात धडगावकडे त्यांनी वीस वर्षं संस्था चालवली. पाड्यापाड्यांवर पायी जाऊन लोकांची रेशनकार्डं, दाखले काढून दिले. मग आमच्या नगरपालिकेत फेरीवाल्यांचं काम बघायला कंत्राटी अधिकारी म्हणून आले. संस्थेतले सोबती म्हणाले, विकला गेलास. यांचं उत्तर ठरलेलं: बाहेरून अर्ज करून दमलो, आता आतून सही करून बघतो.

बाजाराचं सर्वेक्षण निघालं. यादीत नाव असेल त्यालाच नव्या बाजारात ओटा. बसस्टँडमागची ओळ माझ्याकडे होती. तिथे धडगावकडच्या बाया आमचूर, चारोळी घेऊन बसतात. पहाटेच्या जीपने उतरतात आणि बाराच्या जीपने परततात, कारण नंतर घाटात गाडीचा भरवसा नसतो. हे मला माहीत होतं. पण सकाळी घरचे डबे, मग ऑफिसातलं टपाल; मी जेवून गेले. जागा रिकामी दिसली, रिकामी लिहिली. साहेबांनी माझ्या भरवशावर सही केली.

यादी लागली तशा सात-आठ बाया केबिनमध्ये आल्या. साहेबांनी खुर्ची सरकवली. कोणी बसलं नाही. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "भाऊ, तू आमच्या पाड्यावर जेवला. यादीतून आमचं नाव तूच काढलं?"

मी फाईल घेऊन दारातच उभी होते. साहेब म्हणाले, "हो. सही माझी आहे."

त्यांनी वर पत्रं लिहिली, पण ओटे वाटून झाले होते. कंत्राटाची मुदत संपल्यावर त्यांनी ती वाढवून मागितली नाही. धडगावला परतले, तर तिथे आता लोक त्यांना दारात उभं करत नाहीत, असं कानावर आलं. मी गप्प होते. त्यांना काही कळलेलं नाही, अशी समजूत करून घेतली होती.

कपाटाच्या तळाशी माझा फॉर्म निघाला. वेळेच्या रकान्यात माझ्याच अक्षरात 'दु. १.३०', भोवती पेन्सिलीचा गोल. त्याला त्यांच्या पत्राची प्रत टाचलेली होती: 'सर्वेक्षण दुपारी घेण्याची सूचना माझी होती.' अशी सूचना त्यांनी कधीच दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी बसस्टँडमागे गेले. बाया आता गटारीच्या कडेला बसतात. म्हातारीला सांगितलं, नाव साहेबांनी नाही, मी काढलं. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू तर दर साल आमच्याकडूनच आमचूर नेती."

मी हो म्हटलं. गावात सगळ्यांना हे सांग, अशी विनंती केली.

"मी कशाला? तूच सांग. बाराला जीप जाते."

मी ऑफिसला फोन करून रजा टाकली.