नाव न वाचलेला आहेर

जगातल्या कुठल्याही काळजीला राहायला जागा मिळेनाशी झाली, की ती आमच्या मामेसासऱ्यांकडे उतरते, असं माझं ठाम मत आहे. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. कळसाडीच्या बाजूला तापीकाठी त्यांची केळी आणि कापूस आहे, पण शेताची काळजी ते जेवता जेवता उरकून टाकतात. बाकीचा दिवस विद्यापीठासाठी राखीव असतो. आमच्या भागातली जी मुलं शिकून अमेरिकेत गेली, त्यांनी तिकडे एक फाउंडेशन काढलं आहे. तळोद्याजवळ डोंगरातल्या मुलामुलींसाठी उभ्या राहणाऱ्या विद्यापीठाला ते तिकडून देणग्या गोळा करून पाठवतं. इथलं काम पाहायला भरवशाचा माणूस हवा म्हणून त्यांनी मामांना नेमलं, आणि तेव्हापासून मामांची झोप उडाली ती उडालीच.

ओसरीवर त्यांनी दोन घड्याळं लावली आहेत. एक आपलं, एक अमेरिकेचं. फोन करायचा म्हटलं, की ते दुसऱ्या घड्याळाकडे बघतात आणि तिकडची माणसं झोपलेली असतील म्हणून हात मागे घेतात. ‘‘आते तठे पहाट शे, झोपेल ऱ्हातीन.’’ दुपारी बघतात तर तिकडे रात्र, संध्याकाळी बघतात तर तिकडची माणसं कामाला निघालेली. शेवटी फोन राहतोच. तिकडे भर एप्रिलात हिमवादळाची बातमी आली, की इथे बेचाळीस अंशांच्या उन्हात मामा घाम पुसत फेऱ्या घालतात. ‘‘तठे बरफ पडी ऱ्हायना, जवाईबापू. लोके जेवणले कशा येतीन?’’ जेवण म्हणजे फाउंडेशनचं देणगीसाठीचं जेवण. मामी आतून म्हणतात, ‘‘एक घड्याळ अठेनं, एक तठेनं, नि ह्या माणूसना पत्ता कठेच नई.’’ एकदा तिकडून आलेल्या पाहुण्यांना विद्यापीठातल्या मुलींची गावं बघायची होती, म्हणून आम्ही जीपने तोरणमाळला निघालो. प्रत्येक वळणाला मामा खाली उतरत, पुढे चालत जात, वरून गाडी येत नाही ना ते पाहत आणि मग टॉवेल हलवून आम्हाला बोलावत. वर पोचेपर्यंत पाहुण्यांना भूक, झोप आणि घरची ओढ अशी तिन्ही लागली होती.

पण मुलींच्या वसतिगृहाची काळजी निराळी होती. तिला हसायची माझीही हिंमत नव्हती. वर्ग भाड्याच्या इमारतीत सुरू झाले होते आणि डोंगरातल्या मुली जीपला लोंबकळून येत होत्या. जीप भरली की मुली रस्त्यावरच राहायच्या. काही बापांनी सांगून टाकलं होतं, राहायची सोय होत नसेल तर पुढच्या वर्षी पोरगी घरी. अशा वेळी अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सगळं वसतिगृह एकट्याने बांधून द्यायचं कबूल केलं. डॉक्टर मूळचे आमच्याच भागातले. त्यांची अट एकच होती. नाव कुठेही येता कामा नये.

मामांनी अट मान्य केली आणि तिथून त्यांना नवीच काळजी लागली. आमच्याकडे लग्नात आहेर देणाऱ्याचं नाव भोंग्यावरून वाचतात. नाव, बापाचं नाव, गाव. एखादं राहिलं तर सोयरीक तुटते. मामांच्या मुलीच्या लग्नात त्यांच्या साडूचं नाव राहिलं होतं. ते साडू अजून त्यांच्या दारात आलेले नाहीत. ‘‘माणूसनं लेवानं नि त्यानं नाव गिळी जावानं? असं व्हस का कधी?’’ असं ते मला रोज विचारत.

पायाभरणीला मांडव घातला, पडदा लावला. पडद्यावर अमेरिकेतली मंडळी चौकोनाचौकोनात बसली होती, त्यात डॉक्टरही होते. माइक मामांच्या हातात. कोणी वाळू दिली, कोणी सिमेंट, कोणी मजुरांचं जेवण. मामा एकेक नाव खणखणीत वाचत गेले. यादी संपली, आता नारळ फुटायचा, एवढ्यात त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांचं नाव, बापाचं नाव, गाव सगळं भोंग्यातून शेतापार गेलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या घराण्यात कोणीतरी अट पाळायला हवी. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पडद्यावर डॉक्टरांचा चौकोन काळा झाला.

नंतर तिकडून काहीच कळेना. पायाचे चर खणून तसेच पडले होते. मामा सकाळी तिथे जाऊन बसत, जेवायला बोलावलं तरी उठत नसत. ‘‘मन्हा तोंडनी पोरीसनं घर गिळं, जवाईबापू,’’ ते म्हणाले. त्यांच्या काळजीवर आयुष्यभर हसलेला मी, पण त्या दिवशी मला खरंच भीती वाटली.

शेवटी डॉक्टरांचाच फोन आला. मामा फोनला हात लावेनात, म्हणून तो मीच दोघांच्या मधे धरला. डॉक्टर रागावलेलेच होते. म्हणाले, ‘‘मी शिकायला निघालो तेव्हा गावानं वर्गणी काढली. कोणी किती दिले ते भोंग्यावरून वाचलं, आणि प्रत्येक नावानंतर माझं नाव. गरजू म्हणून. मग गावात ज्याच्या-त्याच्यापुढे मी मान खाली घालून चालायचो. या मुलींना तसं चालायला लागू नये, एवढंच मला हवं होतं. काम थांबवू नका. पण माझं नाव पुन्हा घेऊ नका.’’ फोन ठेवल्यावर मामांनी माझ्याकडे पाहिलं. काळजी नसलेला त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. काळजीच्या जागी जी शरम होती, ती पाहवत नव्हती.

वसतिगृह झालं. उद्घाटनाला पुन्हा मांडव, पुन्हा यादी. मी मामांच्या शेजारी उभा राहिलो, वेळ आलीच तर माइक हिसकावून घ्यायचा म्हणून. शेवटचं नाव वाचून झालं. मामांनी माइकचं बटण स्वतःच बंद केलं, भिंतीकडे तोंड केलं आणि ओठातल्या ओठात नाव, बापाचं नाव, गाव म्हटलं. मला ऐकू आलं, भिंतीलाही आलं असेल. मग बटण चालू करून त्यांनी सगळ्यांना जेवायला चला म्हटलं.

परवा आम्ही तिकडे गेलो होतो. तोरणमाळची एक मुलगी जिन्यात कपडे वाळत घालत होती. तिने मामांना विचारलं, ‘‘आजोबा, हे कोणी बांधलं?’’ मी मामांकडे पाहिलं. मामांनी नाव गिळलं.

‘‘गवंडीसनी बांधं, बेटा.’’

मुलगी हसली आणि मान वर करूनच पुढचा कपडा दोरीवर टाकायला वळली. मामा तिच्या त्या वर धरलेल्या मानेकडे बघत राहिले. मग खिशातून फोन काढून मला हळूच म्हणाले, ‘‘आते तठे डॉक्टर झोपेल ऱ्हातीन ना?’’