मष्णूआप्पांची तांदूळबंदी

कडोलीच्या वाचनालयात पेपर सगळ्यांत आधी हातात पडायचा तो मष्णूआप्पांच्या. माणूस शेतकरी, शाळा चौथीपर्यंतची. पण भाताची मळणी एक दिवस लांबली तरी चालेल, आफ्रिकेची बातमी चुकता कामा नये. ते शहाऐंशी साल. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या सरकारशी व्यापार तोडायचा का, यावर मोठमोठे देश खल करत होते. आप्पांनी आपला निकाल केव्हाच लावला होता.

"तोडा म्हणतो मी. चूल गार पडली की सरकार जाग्यावर येतंय."

"आपण शेहेचाळीस सालीच तोडलाय की," मारुतीराव मास्तर चष्मा पुसत म्हणायचे. "चाळीस वर्षं झाली. आलं का जाग्यावर? गोरा उपाशी राहत न्हाय आप्पा. काळ्याच्याच ताटातली भाकरी पयली जाते."

आप्पा असल्या बोलण्याला भीक घालत नसत. वादात हरणं त्यांना ठाऊकच नव्हतं. हा त्यांचा दोष खरा, पण गावाचा त्यांच्यावर जीव होता तो बराचसा यामुळेच.

त्याच दिवाळीत त्यांच्यावरही एक सरकार वाकवायची पाळी आली. लेक जया निपाणीत दिली होती. शिक्षिकेच्या कोर्सचं तिचं एक वर्ष राहिलं होतं. ते लग्नानंतर पुरं करू देऊ, असा शब्द सासू अंबुबाईंनी भर मांडवात दिला होता. दोन वर्षं झाली, कॉलेजचं नाव काढायची सोय नव्हती. आप्पा दर महिन्याला लेकीकडे घरच्या बासमतीचं अर्धं पोतं पोचवत, आणि त्या वासाच्या भातावर अंबुबाईंचा भारी जीव. आप्पांनी तांदूळ बंद केला. निरोप धाडला, पोरगी कॉलेजात जाऊ दे, मग पोतं येईल.

अंबुबाई ढिम्म हलल्या नाहीत. संक्रांतीला आप्पांची बायको निपाणीला जाऊन आली ती तोंड पाडूनच. घरात सगळ्यांना विकतचा बारीक तांदूळ, जयाच्या ताटात तेवढा रेशनचा, वर टोमणे. "पोर वाळली," तिने येऊन सांगितलं.

त्या रात्री आप्पांना जेवण गेलं नाही. मास्तर सांगत होते तेच झालं होतं, आणि तेही पोटच्या पोरीच्या बाबतीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या टपावर पोतं टाकून त्यांनी निपाणी गाठली. अंबुबाई बाजाराला गेल्या होत्या. जयाने पाणी दिलं आणि पोत्याकडे बघितलं.

"हे कशाला आणलं?"

"चुकलं गं माझं. तुला न इचारता बंद केलतो. तुझे हाल झाले."

"झाले. लई झाले." जया उंबऱ्याशी टेकली. "पर आप्पा, सासूबाईंस्नी विकतचा भात गोड लागंना झालाय. गेल्या आठवड्यात पयल्यांदाच इचारत होत्या, कालेज किती वाजता सुटतंय म्हणून. आता हा तांदूळ बघितला तर परत कोण इचारणार?"

"आणि तू काय खाणार?"

"रेशनचाच भात. आधी बंदी तुमची होती, आता माझी हाय. घेऊन जावा हे."

वादात कुणीतरी त्यांना हरवलं होतं. लेकीचा त्यांना अभिमान वाटला, आणि आतडं तुटत होतं ते तुटतच राहिलं.

"उठा आप्पा. सासूबाई यायच्या आत निघा."

तिनेच पोत्याचं एक टोक धरलं आणि दोघांनी मिळून ते त्यांच्या खांद्यावर चढवलं. चढवताना तिच्या मनगटातल्या बांगड्या घसरत पार कोपरापर्यंत गेल्या. आप्पांनी ते पाहिलं, आणि पोतं घेऊन ते स्टँडकडे चालू लागले.