मृणालची पेशी का पेटेना?

आमच्या अबू धाबीच्या लॅबमधला फ्रीजर साफ करायला काढला, की काम तासाभराचं आणि गप्पा दिवसभराच्या. एकेक डबी हातात येते आणि कुणाला तरी काहीतरी आठवतंच.

लोक पेशी नेताना त्या गार पडू नयेत म्हणून धडपडतात. आम्ही जुलैत त्या तापू नयेत म्हणून. एकदा आमच्या उंचपुऱ्या फैजलने पेशींचा डबा गाडीत पुढच्या सीटवर ठेवला, सीटबेल्ट लावला, एसी फुल केला. मी दार उघडलं तर म्हणतो, "मॅडम, आप पीछे बैठिए."

*

आमचं काम रोगप्रतिकारक पेशींवर. त्यासाठी रक्त लागतं, ते आम्हीच देतो. माझ्या पेशी भलत्याच तापट निघाल्या, जरा कुठे खुट्ट झालं की पेटायच्या. आमची बॉस नादिया, कैरोची. रिझल्ट बघून लाडाने म्हणाली, "हबीबती, धिस वी न्यू विदाउट एक्सपेरिमेंट."

*

मृणाल आमची पीएचडीची पोरगी, शारजाला अल मजाजमध्ये वाढलेली. तिचे बाबा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कारखान्यात सुपरवायझर. रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन. "बाळा, आज पेशी पेटली का?" ही म्हणणार, "नॉट येट, बाबा." बाप मराठीत, लेक इंग्रजीत. जन्मापासून हेच चाललंय.

पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतो. त्याचं बाहेरचं टोक समोरच्या पेशीवरची खूण पकडतं, आत सिग्नल जातो, आणि आम्ही रंग घातलेला असला तर पेशी चमकते. हिने फक्त त्या बाहेरच्या टोकाची दांडी लांब केली. आतलं शेपूट होतं तसंच. रिसेप्टर खूण पकडत होता, पण आत अंधार! बदल बाहेर केला, मग आत काय बिघडलं? मला तर जेवण गोड लागेना.

*

मृणालचं उत्तर तयार होतं. तिने मला आणि नादियाला एकमेकींना घट्ट मिठी मारायला लावली आणि फैजलला सांगितलं, मधे घुस. काही केल्या जमेना. मग आम्हाला हात लांब करून उभं केलं. फैजल आरामात मधे येऊन म्हणाला, "अब दोनों चुप."

"दॅट्स इट," मृणाल म्हणाली. सिग्नल बंद करणारी प्रथिनं अशीच उंच असतात. पेशी घट्ट चिकटल्या की ती बाहेर ढकलली जातात, दांडी लांब होऊन फट राहिली की मधे शिरतात.

नादियाला पटेना. "मेबी युवर रिसेप्टर इज जस्ट ब्रोकन." बुधवारपर्यंत दाखव, नाहीतर प्रोजेक्ट खलास. प्रोजेक्ट गेला की व्हिसाही गेला. शारजाशिवाय दुसरं घर न पाहिलेली मुलगी जाणार कुठे?

*

मृणालने रिसेप्टर तसाच लांब ठेवला आणि समोरच्या पेशीवरची खूण तेवढीच आखूड केली. म्हणजे फट पुन्हा पहिल्याइतकी.

बुधवारी दुपारी आम्ही सगळे मायक्रोस्कोपच्या स्क्रीनपुढे. तिने पेशी एकत्र सोडल्या. बराच वेळ काही नाही. मग एक चमकली. शेजारची चमकली. मग स्क्रीनभर. नादियाने मृणालच्या डोक्यावर हात ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. मृणालच्या हातात ग्लोव्हज, म्हणून मीच स्पीकरवर टाकला.

"बाळा, आज पेशी पेटली का?"

मृणाल रडत होती. "पेटली, बाबा. सगळ्या पेटल्या. मी आता कुठे जात नाही."

पलीकडून आवाज आला, "हॅलो? कोण बोलतंय?"